बोलावलेली तिरफळ

मी तिरफळ बोलतेय. ऐकायचं तर जवळ या, पण खोडाला टेकू नका. माझ्या अंगावर काटे आहेत, बुंध्याशी अंगठ्याएवढे जाड, आणि ते मी कुणाला विचारून वाढवलेले नाहीत. ज्यांना गुळगुळीत झाड हवं असेल त्यांनी पेरूकडे जावं.

मुरबाडहून माळशेजकडे निघालात की वैशाखऱ्याच्या अलीकडे रस्त्याला लागून लग्नाचं एक लॉन दिसेल. मोठी कमान, कमानीवर सिमेंटचे दोन हत्ती, आणि कमानीच्या बरोबर मधोमध, जिथून नवरदेवाची घोडी आत जायची, तिथं एक काटेरी झाड. ती मी. लोक गाडीची काच खाली करून विचारतात, हे मधेच काय ठेवलंय. मधे मी आलेली नाही, कमान आली. मी आधीची.

माझा जन्म एका बुलबुलाच्या पोटातून झाला. त्यात लाजायचं काही नाही. तो बांधावर बसला, हलका झाला, उडून गेला. पुढचं माझं मी बघितलं. पहिल्या वर्षी एका शेळीनं माझं पान तोंडात घेतलं, तोंड वाकडं केलं आणि बाकीच्या शेळ्यांना जाऊन सांगितलं. त्यानंतर माझ्या वाटेला कुणी गेलं नाही.

बांधाच्या एका बाजूला थोरल्या भावाचं भातशेत, दुसऱ्या बाजूला धाकट्याचं. कुणाला काटा रुतला की मी पलीकडची असायची, फळं धरली की अलीकडची.

माझी फळं म्हणजे मिऱ्यापेक्षा थोडी मोठी. भादव्यात घोस हिरवेगार दिसतात. दिवाळीच्या आसपास ऊन लागलं की प्रत्येक फळ आपलं तोंड उघडतं आणि आतलं काळं कुळकुळीत बी बाहेर डोकावतं. बी टाकायचं, साल ठेवायची. इतकी साधी गोष्ट, पण निम्मी माणसं साल टाकून बी चावतात आणि मग माझ्या नावानं खडे फोडतात. सालीचा वास लिंबाचा, चव मिऱ्याची, आणि त्यानंतर जीभ कुठं गेली ते शोधावं लागतं. चिंबोरीच्या कालवणात मी असले की दोन घास जास्त जातात, आणि ते दोन घास पोटात फुगले की ते उतरवायलाही मीच लागते. माणूस माझ्याकडे दोन वेळा येतो. कालवण करायचं असलं की हसत, आणि दुखायला लागलं की रडत. मधल्या काळात त्याला माझं नाव आठवत नाही.

औषध द्यायची ती भागीरथी. थोरल्या भावाची बायको. नवरा लवकर गेला, मुलगी तिकडे शेणव्याला दिली, आणि हिनं कुणाच्या दारात न जाता शेत केलं आणि औषध दिलं. शिकवलं कुणी नाही. प्रत्येक पाला, प्रत्येक साल आधी स्वतःच्या तोंडात टाकून बघितली. जिनं हगवण लागली ती साल एका बाजूला ठेवली, जिनं थांबली ती दुसऱ्या बाजूला. असं करून ती पक्की झाली. दात सगळे जागेवर, गुडघे कुरकुरत नाहीत, आणि सर्दी म्हणजे काय ते तिला दुसऱ्यांच्या नाकावरून माहीत.

दाढ दुखली की माझी साल दाढेखाली. पोट फुगलं की साल वाटून कोमट पाण्यात. खोकल्याला भुकटी मधात. आणि बाळंतिणीची छाती दगडासारखी झाली की माझा एक काटा सहाणेवर पाण्यात उगाळायचा आणि लेप द्यायचा. गोडगोड बोलणं तिच्या औषधात नसे.

"तोंड उघड," ती म्हणायची. "आता मीट. आता बोलू नको."

"काकू, जीभ गेली माझी," एकदा शेजारची गोदू म्हणाली.

"गेली तर गेली. घरच्यांना जरा बरं वाटंल."

आता एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आमच्याकडे औषधाच्या झाडाला असंच ओरबाडत नाहीत. आदल्या दिवशी दिवेलागणीला जायचं, झाडाच्या मुळाशी हळदीचे तांदूळ ठेवायचे आणि बोलावणं द्यायचं. उद्या येते, अमुक दुखतंय, तयार राहा. दुसऱ्या दिवशी वाटेत कुणाशी न बोलता यायचं आणि हवं तेवढंच न्यायचं. बोलावणं झालं की ज्यानं बोलावलं तो येईपर्यंत त्या झाडाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. लावला तर ज्या आजारासाठी बोलावलं तो आजार हात लावणाऱ्याकडे जातो.

हसू नका. गावातल्या बुधूनं हसून बघितलं होतं. गोदूनं उचकीसाठी मला बोलावलेलं, आणि त्याच संध्याकाळी बुधूनं कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी माझी फांदी तोडली. गोदूची उचकी तिथल्या तिथं थांबली. बुधूची दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत चालली. लग्नाच्या बोलणीत त्यानं होय म्हटलं की नाही हे सोयऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मुलगी दुसरीकडे गेली. गोदू अजून त्याला प्रत्येक सणाला जेवायला बोलावते.

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं आणि साईनाथ परत आला.

साईनाथ म्हणजे धाकट्या भावाचा मुलगा, भागीरथीचा पुतण्या. वाशिंदच्या कारखान्यात बरीच वर्षं होता. आला तो डोक्यात लॉन घेऊनच. भात काढलं, शेत सपाट केलं, हिरवळ लावली, आणि मोजणीत मी निघाले त्याच्या बाजूला. नुसती बाजूला नाही, बरोबर फाटकात. कापायची परवानगी बिरवानगी सगळं त्यानं आणलं. तुळशीचं लग्न झालं की पहिलं लग्न लागणार होतं.

एवढंच सांगते की हा जन्मला तेव्हा याच्या आईची छाती दगड झाली होती आणि माझाच काटा उगाळला होता. याच्या पहिल्या घोटात माझा वाटा आहे. पण ते त्याला कुठून आठवणार, तेव्हा तो रडण्यात गुंतला होता.

"काकी, ती तिरफळ काढतोय," तो भागीरथीला म्हणाला. निदान सांगायला आला, एवढं त्याच्या पदरात टाकते.

"का रे?"

"फाटकात येते. नवरीचे शालू फाटतील."

"मग नवरीला बाजूनं ने."

"काकी, घोडी असते, बँड असतो. बाजूनं कसं नेणार? उद्या महादू येतोय कटर घेऊन."

भागीरथी उठून आत गेली. मला वाटलं, झालं. रडेल थोडी आणि विसरेल. माणसांचं असंच असतं.

दिवेलागणीला ती आली. चपला लांब काढल्या. ओंजळभर हळदीचे तांदूळ माझ्या मुळाशी ठेवले आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली, जशी उसनं मागायला आलेल्यासमोर उभी राहते.

"हे बघ गो," ती मला म्हणाली, "बोलावणं देतेय. काय दुखतंय ते विचारू नको. अजून काय दुखत नाय. पण दुखंल. माणूस हाय मी, कधीतरी दुखंलच. दुखलं की येते. तवर तयार राहा."

खोटं ती बोलली नाही हे तुम्ही ध्यानात घ्या. आजार यायचा होता, एवढंच.

सकाळी महादू आला. कटर खाली ठेवलं, दोरीला हात घातला आणि त्याला तांदूळ दिसले. हात मागं घेतला.

"शेठ, ही बोलावलेली हाय."

"कुणी बोलावलं?" साईनाथनं विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला कळलं.

भागीरथीला बोलावणं धाडलं. ती आली, पण सावकाश, वाटेत एका वासराला खाजवून.

"आजी," महादू नरमाईनं म्हणाला, "बोलावणं कशासाठी हाय तेवढं सांगा. दाढेसाठी असंल तर कापतो मी. तशा माझ्या चारच उरल्यात. पोटाचं असलं तरी बघू. गुडघा मात्र नको, झाडावर चढायला लागतं."

"ते मी नाय सांगणार."

"डोळ्याचं हाय काय? डोळा एक असंल तर..."

"नाय सांगणार म्हणले ना."

महादू जवळ सरकला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाळंतपणाचं तर नाय ना? म्हंजे माझ्या घरी काय सांगू मी?"

भागीरथीनं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि निघून गेली. महादूनं कटर लॉनच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली ठेवलं आणि तोही निघाला. त्या दिवसानंतर तो वाटेनं जाताना पोटावर हात ठेवून जायचा.

साईनाथनं टोकावड्याहून दुसरा माणूस आणला. त्यालाही पहिला प्रश्न तोच, आजार कुठला. तिसऱ्यानं फोनवरच विचारलं. कापायला सगळे तयार, पण न बघितलेला आजार घ्यायला कुणी तयार नाही. त्यांचंही बरोबर. तुम्ही तरी घ्याल काय?

मग साईनाथला वाटलं, आजार शोधून काढावा. मोठ्या प्रेमानं तो काकीला गाडीत बसवून मुरबाडला दवाखान्यात घेऊन गेला. रक्त बघितलं, छातीचा फोटो काढला, पोटावर काहीतरी थंड लावून आत बघितलं. भागीरथी सगळीकडे ऐटीत गेली. डॉक्टर म्हणाले, आजींना काही झालेलं नाही, असं शरीर आम्ही बघितलेलं नाही, पुन्हा आणू नका.

ही बातमी गावात आली आणि भीती दुप्पट झाली.

"म्हंजे मशीनलासुद्धा सापडत नाय असला आजार," गिरजा पाणवठ्यावर म्हणाली.

"अंगात हाय पण दिसत नाय," दुसरी म्हणाली. "तो लई वाईट."

लोक भागीरथीला वाटेत जागा द्यायला लागले. कुणी घरी दूध आणून दिलं. बुधूनं तर येऊन पायच धरले आणि विचारलं, उचकी तर नाही ना. भागीरथी दूध प्यायली आणि तिनं भांडं धुऊन परत दिलं. सांगायला तिच्याकडे काही असतं तर तिनं सांगितलं असतं. तिला तरी कुठं माहीत होतं.

"तुम्हीच कापा ना," साईनाथची बायको कुणाली त्याला म्हणाली. माझ्या पुढ्यातच उभी होती दोघं.

"मी असलं मानत नाय. पण तुला भीती वाटंल म्हणून थांबलोय."

"मला कसली भीती? मी तर अजिबात मानत नाय."

"मग तू काप."

कुणालीनं माझ्याकडे बघितलं, कटरकडे बघितलं आणि म्हणाली, "दूध उतू जाईल," आणि घरात गेली. चुलीवर काही नव्हतं.

दिवस चालले होते. कमानीचे खांब माझ्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. हत्ती आले. तुळशीचं लग्न झालं. साईनाथनं आनंदानं पेढे वाटले, त्यातले बरेच स्वतः खाल्ले, आणि त्याची दाढ उठली.

दाढ म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. मला दात नाहीत, पण आवाज ऐकू येतो. तो आधी कण्हला, मग विव्हळला, मग ओरडायला लागला. मुरबाडचे दातांचे डॉक्टर आपल्या गावच्या जत्रेला गेलेले, येणार दुसऱ्या दिवशी. गोळ्या घेतल्या, लवंग दाबली, बर्फ लावला. ओरडणं वाढलं. कुत्री रस्त्यापलीकडे जाऊन बसली.

शेवटी तो गाल धरून काकीच्या ओसरीवर आला.

"काकी, काहीतरी दे गो."

"तिरफळ लागंल त्याला."

"मग दे ना."

"ती बोलावलेली हाय. माझ्या आजारासाठी. तुझ्या दाढेला कशी देऊ?"

हे ऐकून तो इतक्या जोरानं ओरडला की भागीरथीनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. आणि मग, गोदू सांगते, तिच्या तोंडावर असं काही आलं की जणू दारात पाहुणा उभा आहे.

ती माझ्याकडे आली. वाटेत कुणाशी बोलली नाही. माझ्यासमोर उभी राहिली. मला कळलं होतं, तिलाही कळलं होतं. तिनं औषध घेतलं की बोलावणं संपणार. बोलावणं संपलं की मी मोकळी, आणि मोकळी म्हणजे महादूची. लॉनच्या कोपऱ्यात त्याचं कटर गोणपाटाखाली ठेवलेलंच होतं.

"आला गो माझा आजार," ती म्हणाली. "या मेल्याच्या ओरडण्यानं डोकं फुटतंय माझं. आयुष्यात पहिल्यांदा डोकं दुखलं. त्याचं तोंड बंद झाल्याशिवाय राहणार नाय." मग म्हणाली, "आईविना वाढलंय ते पोर. ओरडंल नाय तर काय करंल."

माझे दोन घोस तिनं तोडले. मला काही दुखलं नाही, पण तिचा हात काट्यांत गेला आणि तिनं तो मागं घेतला नाही.

साल दाढेखाली गेली. थोड्या वेळात साईनाथचा गाल गेला, जीभ गेली, ओठ गेला, आणि आवाजही गेला. गावात इतकी शांतता झाली की कोंबडे चुकून आरवले. भागीरथीचं डोकं दुखायचं थांबलं. आजार खरा, औषध खरं, बोलावणं पुरं झालं.

महादू सगळं बघत होता. त्यानं विचारलं, "शेठ, मोकळी झाली. उद्या सकाळी चालवू काय मशीन?"

साईनाथनं मान हलवली. वरखाली.

भागीरथीनं ते बघितलं आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. मला राग आला नाही असं म्हणत नाही. आला. पण झाडाचा राग काट्यात येतो आणि काटे मला आधीपासून होते.

पण तिरफळ दाढ बरी करत नाही, दाढेला गप्प करते. संध्याकाळ झाली, सालीचा अंमल उतरला आणि दाढ पुन्हा बोलायला लागली. साईनाथ काकीचं दार वाजवू लागला.

"माझं बोलावणं संपलं," आतून आवाज आला. "दाढ तुझी हाय. तांदूळ ओट्यावर ठेवलेत. तू जा आणि तुझं तू बोलव."

तो आला. दिवेलागण होती. बूट काढले, पायमोजे काढले, विचार केला आणि डोक्यावरची टोपीही काढली. तांदूळ माझ्या मुळाशी ठेवले.

"तिरफळी," तो म्हणाला, "मी साईनाथ. दाढ दुखते. सकाळी येतो, तयार राहा." मग इकडेतिकडे बघून हळूच पुढं म्हणाला, "महादू आठ वाजता येणार हाय. मी त्याच्या आधी येतो."

त्याच्या मनात सगळं नीट बसलं होतं. आधी औषध घ्यायचं, मग झाड कापायचं. मी ऐकून घेतलं. बोलावणं आहे म्हटल्यावर माझ्याच्यानं नाही म्हणवत नाही. सकाळसाठी मी चांगली उघडलेली फळं एका बाजूला धरून ठेवली.

सकाळी तो आलाच नाही. दाढेनं त्याला सकाळपर्यंत ठेवला नाही. पहाटेच कुणालीनं गाडी काढली आणि त्याला मुरबाडला नेलं. जत्रेहून परतलेले डॉक्टर अजून अंघोळही न केलेले, त्यांनी तसंच दार उघडलं आणि दाढ उपटून टाकली.

साईनाथ परतला तो तोंडात कापूस घेऊन. महादू माझ्यासमोर तांदूळ बघत बसला होता. सगळं गाव येऊन उभं होतं.

"शेठ, पुन्हा बोलावलेली हाय. कोणी बोलावली?"

"मी," साईनाथ कापसातून म्हणाला.

"कशासाठी?"

"दाढेसाठी."

"मग घ्या औषध आणि मोकळी करा."

साईनाथनं हात पुढं केला.

"थांब," भागीरथी म्हणाली. "दुखतंय काय?"

"नाय. दाढ काढली."

"मग औषध कशाला घेतोस? बऱ्या माणसानं घेतलं तर ते औषध नाय, ती चोरी. बोलावणं तसंच राहतं. दाढ कुठाय?"

"मुरबाडला."

गर्दीत कुजबुज झाली. आजार मुरबाडला आणि बोलावणं इथं, असा पेच गावात पूर्वी पडला नव्हता. साईनाथ चपळाईनं गाडीत बसला, मुरबाडला गेला आणि डॉक्टरांकडून दाढ मागून आणली. कागदाच्या पुडीत होती. डॉक्टरांनी काय विचार केला असेल तो केला असेल.

भागीरथीनं पुडी उघडली, दाढ माझ्या मुळाशी ठेवली, उकिडवी बसली आणि मोठ्या गंभीरपणे विचारलं, "दुखतंय काय गो?"

सगळं गाव थांबलं. दाढ काही बोलली नाही.

"नाय दुखत तिला," भागीरथी उठत म्हणाली. "ती पण बरी झाली."

महादूच्या डोक्यात मात्र एकदम उजेड पडला. "शेठ, मग तुमीच कापा की. आजार तुमचा, बोलावणं तुमचं. कापलंत तर तुमचाच आजार तुमच्याकडे परत येईल. दुसऱ्याला कशाला तोशीस?" आणि त्यानं कटर साईनाथच्या हातात दिलं, दोरी ओढून.

मशीन घरघरायला लागलं. साईनाथ माझ्यासमोर उभा राहिला. एवढ्या जवळ तो लहानपणी एकदाच आला होता, बोर समजून माझं फळ खायला. त्यानं माझ्याकडे बघितलं. मग त्याची जीभ आपोआप त्या रिकाम्या जागेकडे गेली, मला गालावरून दिसली ती जाताना. कालचा दिवस त्याला आठवला असणार. त्यानं मशीन बंद केलं आणि महादूला परत दिलं.

"राहू दे," तो म्हणाला. "घोडी बाजूनं जाईल."

भागीरथीनं पदर डोळ्याला लावला. विचारलं तर म्हणाली, मशीनचा धूर गेला.

तेव्हापासून मी अशी आहे. बोलावलेली आणि न नेलेली. साईनाथ रोज संध्याकाळी लॉनचे दिवे लावायला येतो तेव्हा माझ्याकडे न बघता जातो, आणि जाताना पायातल्या चपला मात्र काढतो. नवरदेव कमानीपाशी घोडीवरून उतरतात आणि मला वळसा घालून आत जातात. पहिल्या लग्नात लोक चिडले होते. दुसऱ्या लग्नात कुणीतरी त्याला प्रदक्षिणा म्हणालं, आणि आता लांबून लोक मुद्दाम याच लॉनवर येतात, इथं फिरलं की संसार टिकतो म्हणून. दोनतीन शालू फाटले. ते संसारही टिकलेत, मी चौकशी केली.

एक गोष्ट मात्र मला झोपू देत नाही. लग्न लागलं की सगळी मंडळी अक्षता टाकतात. त्याही हळदीच्या. माळशेजकडून वारा सुटला की मुठीमुठीनं त्या माझ्या मुळाशी येऊन पडतात. तुम्ही त्या वधूवरांवर टाकता, पण माझ्यापाशी पडलेला तांदूळ म्हणजे बोलावणं. एकेका लग्नात शेकडो माणसं मला बोलावतात, पोटभर जेवतात आणि गाडीत बसून निघून जातात. काय दुखतंय ते कुणीच सांगत नाही.

माझी फळं उघडून तयार आहेत. तुम्ही यंदा इथं कुणाच्या लग्नाला आला असाल आणि अक्षता टाकल्या असतील, तर काय होतंय ते आठवून बघा आणि एकदा येऊन जा. वाटेत कुणाशी बोलू नका. साल घ्या, बी टाका. भागीरथी कमानीजवळ खुर्ची टाकून बसलेली असते. तिला सांगा, बोलावणं आमचं होतं.

आधी तोंड उघडायला लावेल ती. मग मिटायला.